दिवाणावर पडलेली गिटार

पत्र थोडक्यात: वय ४१, घर घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत. दीड वर्षापूर्वी लेकीला रविवारच्या गिटार क्लासला घातलं, तेव्हा बाहेर बाकड्यावर बसून राहण्यापेक्षा म्हणून स्वतःचंही नाव घातलं. नऊ वर्षांची लेक भराभर पुढे गेली, आई एफ कॉर्डपाशी (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) अडकली. रोज एक तासाचं वेळापत्रक एक्सेलमध्ये केलं: ५ मिनिटं वॉर्म-अप, १५ स्केल (सुरांचे आरोह-अवरोह), २० कॉर्ड, २० गाणं. जानेवारीत ते ११ दिवस टिकलं, जूनमध्ये ४. आता सगळा सराव रविवारी दुपारी, सलग तीन तास. सोमवारी बोटांची टोकं हुळहुळतात, मंगळवारपासून गिटार बॅगेत आणि बॅग कपाटामागे. नवरा म्हणतो, चांगली गिटार घे. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ, त्यामुळे रात्री वाजवायची चोरी. त्यात सोसायटीच्या गणपतीत मुलांच्या एका गाण्याला साथ करायला 'हो' म्हणून बसल्या आहेत. हातात सहा आठवडे. 'दहा हजार तास लागतात म्हणे. रोज एक तास धरला तरी सत्तावीस वर्षं! माझं वय झालंय की शिस्त कमी पडते? टिकेल असं एक पक्कं वेळापत्रक द्या.' शेवटी लेकीची तक्रारही आहे: 'तिला शिस्त म्हणून नाही. गिटार कायम दिवाणावर टाकलेली. जाता-येता उचलते, दोन मिनिटं तेच तेच वाजवते आणि खेळायला पळते. तरी तिला येतं!'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा एफ कॉर्डच्या दुःखात सहभागी झालो. (माझी एफ यायला चार महिने लागले होते. त्यातला माझा दोष किती आणि दुकानदाराने गळ्यात मारलेल्या गिटारचा किती, हे पुढे सांगतो.) दुसऱ्यांदा वाचताना मात्र शेवटच्या तक्रारीवरच थांबलो. तुम्ही माझ्याकडे वेळापत्रक मागताय आणि ते तुमच्या घरात दिवाणावर पडलंय.

लेक दिवसातून किती वेळा गिटार उचलते ते एकदा मोजा. माझा अंदाज, पाच-सहा वेळा तरी. दोन-दोन मिनिटं धरली तर रोज दहा-बारा मिनिटं झाली, आणि तीही 'तेच तेच' वाजवण्यात. म्हणजे गाण्याचा जो तुकडा तिला सतावतोय किंवा आवडलाय, तेवढाच. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. बॅगेची चेन उघडावी लागत नाही, ट्यूनर शोधावा लागत नाही, 'आता मी सरावाला बसते' असं स्वतःला बजावावं लागत नाही, म्हणून ते होतं. तुमच्या गिटारपर्यंत पोचायचं तर आधी कपाट सरकवावं लागतं.

एक्सेलचं तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. ऐरोलीहून निघून माजिवड्याची कोंडी पार करत आठ वाजता घरी पोचणाऱ्या बाईच्या दिवसात सलग एक तास नसतोच. तो कुठून तरी ओरबाडून काढावा लागतो. शिवाय तासाच्या वेळापत्रकात एक खोड असते. तास मिळाला नाही की त्या दिवशी शून्य. पाऊण तास मिळाला तरी मनाला वाटतं, आजचा दिवस बुडाला. ११ दिवस टिकलं याचंच मला कौतुक वाटतं.

रविवारचे तीन तास आणि रोजची वीस मिनिटं यांत मिनिटांच्या हिशोबाने रविवारच जिंकेल. १८० मिनिटं कुठे आणि आठवड्याची १२०-१४० कुठे! पण हात मिनिटं मोजत नाही. बोटांना एखादी हालचाल शिकवली की तिचा काही भाग नंतर, विशेषतः झोपेत, पक्का होतो. झोपेचे संशोधक मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवलं. दिवसभर जागे राहिलेल्यांच्या वेगात फारसा फरक नव्हता, पण रात्रभर झोपून उठलेल्यांचा वेग जास्तीचा सराव न करता सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. तो आकडा गिटारला जसाच्या तसा लावू नका. मुद्दा एवढाच, की रविवारी तीन तास वाजवून तुम्हाला आठवड्यात एक रात्र मिळते आणि लेकीला सात. आपल्याकडे रियाज रोज करायचा असतो, साठवून करायचा नसतो, हे जुन्या गवयांना प्रयोगशाळेविना ठाऊक होतं.

बोटांचंही तेच. तारेवर दाबून दाबून टोकांना घट्टा पडतो, त्याला रोजच्या वाजवण्याने साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तुम्ही रविवारी टोकं सोलवटून घेता, सहा दिवसांत ती पुन्हा मऊ होतात आणि पुढच्या रविवारी पहिल्यापासून सुरुवात. दीड वर्ष झालं तरी दुखतंय म्हणून तुम्ही वयाला बोल लावलात. वयाचा यात संबंध नाही. टोकांची आग चालेल. पण मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा हाताचा पुढचा भाग दुखला तर त्याच क्षणी गिटार खाली ठेवायची. 'अजून थोडं' हा हट्ट तिथे महागात पडतो. कोपरखैरण्याच्या एका कॉलेजकुमाराचं पत्र मागे आलं होतं, रोज चार तास वाजवून मनगट धरून बसलेल्या. त्याला मी जे लिहिलं तेच इथे लिहितो: दर वीस मिनिटांनी हात सोडा, आणि दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डॉक्टर गाठा, यूट्यूब नको.

आता दहा हजार तास. हा आकडा जिथून आला तो अभ्यास १९९३चा. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी घेतले होते. त्यांतल्या सर्वांत सरस गटाचा विशीपर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला. सरासरी म्हणजे त्याच गटातल्या काहींचा त्याहून बराच कमी. पुढे लोकप्रिय लेखनातून त्या सरासरीचा नियम झाला आणि खुद्द एरिक्सन यांनी त्यावर हरकत घेतली. आणि तुम्हाला सोसायटीच्या मांडवात चार कॉर्डचं गाणं वाजवायचं आहे, गडकरी रंगायतनला एकल वादन नाही. सत्तावीस वर्षांचं गणित खोडून टाका. आपल्याकडे सहा आठवडे आहेत आणि ते पुरतात.

आता त्या वीस मिनिटांत करायचं काय? माझ्या मते तुमचं खरं घोडं इथेच अडलंय.

तुम्ही लिहिलंय, 'गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाच-सहा वेळा वाजवते, दर वेळी एफला अडखळते.' ताई, हा गाण्याचा सराव झाला नाही, अडखळण्याचा झाला. हाताला चूक-बरोबर कळत नाही, जे वारंवार कराल ते तो शिकतो. ए मायनर वाजवायची, एफपाशी थांबायचं, बोटं एकेक करून बसवायची, मग पुढे, हा क्रम तुमचा हात दीड वर्षात उत्तम शिकलाय. तबला शिकणाऱ्या मुलाला गुरुजी कायद्यातला, म्हणजे बोलांच्या ठरलेल्या रचनेतला, अडणारा तुकडा वेगळा काढून ठाय लयीत शंभर वेळा वाजवायला लावतात आणि मगच दुगुन. गिटार हातात आली की आपण हे सगळं विसरतो आणि थेट गाणं वाजवायला घेतो.

तर फक्त सांधा घ्या. तुमच्या गाण्यात ए मायनरवरून एफवर जाताना गाडी अडते ना? मग ए मायनरचा एक ठोका, एफचा एक ठोका, परत ए मायनर. बाकी गाणं नाही. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि किती बदल झाले ते मोजा. सुरुवातीला १२-१५ होतील, लाजायचं कारण नाही. गाण्याची लय मिनिटाला ८० मात्रांची धरली तर एक मात्रा पाऊण सेकंदाची, आणि बोटांना तेवढ्यात घर बदलायचं असतं. मोजणी ५०-६०पर्यंत गेली की गाण्यात तो सांधा जाणवणार नाही. मग मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ५० ठोक्यांवर ठेवून सांध्याच्या आधीच्या चार मात्रा आणि नंतरच्या चार, एवढाच तुकडा. सलग तीनदा स्वच्छ आला तर चार-पाच अंकांनी वर, बिघडला तर खाली. बस्स.

एफबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ठाणे-नवी मुंबईतल्या निम्म्या गिटारी याच कॉर्डने कपाटामागे पाठवल्या असतील असा मला दाट संशय आहे. कपडे वाळत घालायची ताणलेली दोरी खुंटीजवळ दाबून बघा आणि मग मध्यावर. खुंटीजवळ ती दाद देत नाही. एफ पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या दोन पट्ट्यांमधलं घर), म्हणजे अगदी खुंटीशी. शिवाय तिथे फ्रेट सर्वांत रुंद असतो. साधारण ६५ सेंटिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट साडेतीन सेंटिमीटरहून थोडा मोठा, पाचवा तीनपेक्षा किंचित लहान. म्हणून तोच हात, त्याच आकारात, पाचव्या फ्रेटवर बसवा. तिथे ती ए मेजर होते आणि आश्चर्य म्हणजे वाजते. चार-पाच दिवसांनी चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, असं उतरत या. पहिल्यावर पोचायला तीनेक आठवडे.

दुसरं, तर्जनीने सहाही तारा दाबायचा आटापिटा करू नका. पाचवी, चौथी आणि तिसरी तार (पहिली सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड) बाकीची बोटं दाबतातच. तर्जनीच्या वाट्याला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच येतात. बोट सपाट ठेवण्याऐवजी अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलतं करा, तिथे हाड जास्त, मांस कमी. कोपर पोटाजवळ आणा. पकड अंगठ्याने आवळण्यापेक्षा हाताचं वजन मागे ओढा. हे कागदावर वाचून येणार नाही, पण वाचून निदान चुकीच्या ठिकाणी जोर लावणं थांबेल.

आणि तरीही गणपतीपर्यंत एफ आली नाही तर? तर ती वाजवूच नका. सी, ए मायनर, एफ, जी हे गाणं जी, ई मायनर, सी, डी अशा कॉर्डनी वाजवा. नातं तेच राहतं, एफच्या जागी साधी सी येते. मग मुलांच्या आवाजाप्रमाणे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा. पाचव्या फ्रेटवर लावला तर मूळ पट्टी, पांढरी एक. पहिल्या फ्रेटवर लावला तर काळी चार. हार्मोनियम वाजवणारे कुणी काका सोसायटीत असतीलच, त्यांच्याशी आधी पट्टी ठरवून घ्या, नाहीतर ऐनवेळी तुम्ही एका पट्टीत आणि पेटी दुसऱ्या. कॅपो लावणं म्हणजे पळवाट, असं क्लासमधली काही पोरं म्हणतात. त्यांना म्हणू द्या. एफचा सराव थांबवायचा नाहीच, फक्त तिला गणपतीच्या मांडवात परीक्षेला बसवायचं नाही.

स्केलची १५ मिनिटं मी तूर्त काढून टाकतो. तुम्ही गाण्याला साथ करणार आहात, सोलो वाजवणार नाही. ज्यांना ग्रेड परीक्षा द्यायच्या आहेत किंवा सुरावटी वाजवायच्या आहेत त्यांनी मात्र हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये. त्यांना स्केलवाचून गत्यंतर नाही.

स्केलच्या जागी उजवा हात घ्या. याच्याकडे कुणी बघतच नाही. डावा हात एफला चुकला तर मांडवातल्या दोन माणसांना कळेल, आणि त्यांतली एक तुमची लेक असेल. उजवा हात थांबला तर दीडशे माणसांना कळेल, कारण मुलं गायची थांबतील. खाली-वर, खाली-वर हे पेंडुलमसारखं चालत राहिलं पाहिजे, डाव्या हाताचं काहीही होवो. कॉर्ड बदलायच्या आधीच्या शेवटच्या 'वर'ला डावा हात उचलून टाकायचा. तेवढा एक फटका मोकळ्या तारांवर पडला तरी चालतो, ऐकायला तो उलट बरा लागतो. मुरलेले वादकसुद्धा हे करतात.

दिवसाची विभागणी मी अशी करेन. सकाळी कुकर लावला की पहिल्या शिट्टीपासून गॅस बंद करेपर्यंत जी सात-आठ मिनिटं मिळतात, ती सांध्याची. मोठ्याने वाजवायची गरजच नाही, कॉर्ड बदलायला आवाज लागत नाही. रात्री जेवणं आटोपली की दहा-बारा मिनिटं उजव्या हातासाठी आणि एकदा पूर्ण गाण्यासाठी. खालच्या बाळासाठी तारांखाली, ब्रिजजवळ (गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवतात तिथे), एक हातरुमाल सरकवा. आवाज टक्‌टक्‌ असा दबका होतो आणि लय उलट जास्त स्पष्ट ऐकू येते. पिक (तारा छेडायची चकती) नको, अंगठा वापरा. मधला प्रवासही फुकट घालवू नका. गाणं कानात लावून मांडीवर मात्रा धरा आणि जिथे कॉर्ड बदलते तिथे तिचं नाव मनात म्हणा. कॉर्ड कधी बदलायची हे डोक्यात पक्कं असेल तर हाताचं निम्मं ओझं उतरतं.

उठताना एक ओळ लिहून ठेवा: उद्या कुठून. 'दुसऱ्या कडव्याआधीचा सांधा, मेट्रोनोम ६२.' एवढीच. लेक अडलेल्या जागी नकळत परत जाते, तिला ओळीची गरज नाही. पण तुमच्या डोक्यात मधल्या वेळात डबा, मीटिंग आणि शाळेच्या प्रोजेक्टचा थर्माकोल येऊन गेलेला असतो. मात्र काय बिघडतंय ते नेमकं ओळखणं हे नऊ वर्षांच्या मुलीपेक्षा तुम्हाला चांगलं जमेल. मोठ्या वयात शिकण्याचा हा फायदा आहे आणि तुम्ही तो अजून वापरलेलाच नाही. रविवारी मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा ऐकवणार नाही, पण टाळू नका. वाजवताना आपल्याला जे ऐकू येतं ते बरंचसं आपल्या मनातलं असतं.

एखादा दिवस बुडेल. पाऊस, लोकल, पाहुणे, काहीही. त्या दिवशी नुसती गिटार ट्यून करा आणि ठेवा. दुसऱ्या दिवशी कालची थकबाकी भरायला बसू नका. तुमचं जानेवारीचं वेळापत्रक बाराव्या दिवशी थकबाकीनेच बुडवलं असणार, अशी मला शंका आहे.

गिटारचं आता. नवऱ्यांचा सल्ला अगदीच चुकीचा नसतो. नवी घेण्याआधी बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची पट्टीने मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारला दोन-अडीच मिलिमीटर ठीक. तीनच्या वर असेल तर तुम्ही दीड वर्ष गिटारशी नव्हे, तारांच्या उंचीशी झगडताय. मला मिळालेली पहिली गिटार अशीच होती. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ, तारा आभाळात. दुकानदार म्हणाला, 'हाताला सवय होईल.' झाली, चार महिन्यांनी. तेच काम चांगला कारागीर एका बैठकीत करतो, आणि नव्या गिटारच्या मानाने खर्च किरकोळ. सोबत ०.०१०चा (सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचात), म्हणजे एक्स्ट्रा लाइट, तारांचा संच टाकून घ्या. तुमच्यावर आत्ता ०.०१२ असतील तर फरक पहिल्याच मिनिटाला कळेल.

पावसाळ्याचंही बघा. ठाण्यात जुलैमध्ये भाजलेला पापड ताटात मऊ पडतो, तिथे लाकडाचं काय! ओल शोषून गिटारचं पोट फुगतं, तारा वर जातात, स्टील गंजतं. त्यामुळे 'गिटार दिवाणावर' याला एवढीच अट: खिडकीलगतचा दिवाण असेल तर जागा बदला, आतल्या भिंतीशी स्टँड ठेवा, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा आणि रात्री झोपताना सिलिका जेलची पुडी टाकलेल्या बॅगेत. पण बॅग कपाटामागे परत जाणार नाही. ती स्टँडच्या शेजारी.

शेवटच्या आठवड्यात सांधे, मोजणी, मेट्रोनोम सगळं बंद. उभं राहून, पट्टा लावून, रोज दोनदा पूर्ण गाणं, आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही. बसून वाजवणारा उभा राहिला की गिटार खाली घसरते आणि मनगट मुडपतं, म्हणून पट्टा असा आवळा की उभं असताना गिटार बसल्याच्या उंचीवरच राहील. एकदा तरी मुलांना गायला बोलवा. ती तुमच्या लयीत गाणार नाहीत, स्वतःच्या लयीत धावतील, आणि ते मांडवात कळण्यापेक्षा तुमच्या हॉलमध्ये कळलेलं बरं.

आज रात्री दोन मिनिटं काढा. लेकीच्या शेजारी बसा, आळीपाळीने ए मायनर-एफचे एका मिनिटातले बदल मोजा आणि दोघींचे आकडे तारखेसह फ्रिजवर चिकटवा. तिने लहान एफ, पहिल्या चार तारांचीच, वाजवून तुम्हाला हरवलं तर ती फसवणूक समजू नका. ती कशी धरायची ते तिच्याकडून शिकून घ्या.